पास काढावा की तिकीट?

सिन्नरहून नाशिकला रोज नोकरीला जाणाऱ्याला एसटीचा मासिक पास 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस चालतो. आठवड्याची सुट्टी वजा जाता 26 दिवस भरतात, म्हणजे सहा दिवस फुकट. घरातल्या बाईचा हिशेब मात्र वेगळा. 17 मार्च 2023पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. तिचे 26 दिवस 13 दिवसांच्या भाड्यातच उरकतात, मग 20 दिवसांचे आगाऊ कशाला भरायचे? पासाने सुट्ट्या पैशांची कटकट वाचते हे खरे, पण त्या सोयीपायी सात दिवसांचे भाडे मोजणे जरा जास्तच.

जपानच्या सहलीलाही हीच आकडेमोड लावावी. तिथला सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023मध्ये 29,650 येनवरून थेट 50,000 येनवर गेला. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन सुमारे 28,000 येन लागतात. पूर्वी एवढ्यात पास जवळजवळ वसूल व्हायचा. आता हिरोशिमापर्यंत जाऊन परतले तरी होत नाही. पासामुळे मनात येईल तिथे उतरता येते, असे कुणी म्हणेल. पण आपली मंडळी हॉटेले आधीच ठरवून निघतात, त्यांना ही मोकळीक वापरायला सवड कुठे? शिवाय टोकियोच्या मेट्रोत हा पास चालतच नाही. एकाच आठवड्यात उत्तरेला हाकोदाते आणि पश्चिमेला हिरोशिमा गाठायची धावपळ ज्याला झेपेल, त्याने तो खुशाल काढावा.