जनरलच्या घरातली शाळा

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात, डॉर्सेटच्या हद्दीला खेटून, टॉलर्ड रॉयल नावाचं खेडं आहे. तिथल्या रशमोर हाउस या जमीनदारी घरात 1939 पासून सँड्रॉइड नावाची निवासी प्रेप शाळा आहे. प्रेप शाळा म्हणजे ईटनसारख्या बड्या शाळांमध्ये वयाच्या तेराव्या वर्षी जाता यावं म्हणून मुलांची तयारी करून घेणारी खासगी शाळा. अशा शाळा इंग्लंडात ठायीठायी आहेत. पण या घराचा आधीचा मालक कोण होता, ते कळलं की डोळे विस्फारतात.

ते होते जनरल ऑगस्टस पिट-रिव्हर्स. मूळ आडनाव लेन फॉक्स. 1880 मध्ये नात्यातली प्रचंड जहागीर त्यांच्याकडे आली, ती आडनाव बदलण्याच्या अटीवर. दत्तक जावं तसंच हे, फक्त वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी!

सैन्यात त्यांच्याकडे रायफलींच्या चाचण्यांचं आणि प्रशिक्षणाचं काम होतं. बंदूक एका रात्रीत सुधारत नाही, बारीकसारीक बदल साचत जातात, हे त्यांनी तिथे पाहिलं. मग भाले, ढाली, मडकी, कुलपं यांचंही असंच झालं असेल का? या एका प्रश्नापायी त्यांनी जगभरच्या इतक्या वस्तू जमवल्या, की वीस हजारांहून अधिक वस्तू ऑक्सफर्ड विद्यापीठाला देऊन टाकल्या. 1884 मध्ये त्यातून उभं राहिलेलं संग्रहालय आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

रशमोरला आल्यावर त्यांना खणायला स्वतःचीच जमीन मिळाली. त्या काळी हौशी मंडळी प्राचीन दफनांचे ढिगारे फोडत ती सोन्यासाठी किंवा देखण्या कलशांसाठी. बाकीचं फेकून देत. जनरलनी नेमकं ते ‘बाकीचं’ उचललं. खापराचा तुकडा कुठे, किती खोल सापडला याची नोंद केली, नकाशे काढले, लाकडी प्रतिकृती बनवल्या. उत्खननात मिळालेल्या हाडांशी ताडून पाहायला आजची जनावरं मारून त्यांची हाडं मोजली. आणि खणलेला खड्डा बुजवताना तळाशी आपल्या नावाचं छोटं पदक ठेवलं, म्हणजे पुढे कुणी उकरलंच तर आधी कोण येऊन गेलं ते कळावं. 

1900 मध्ये ते वारले. इंग्लंडमधल्या अशा घरांचे दिवस तेव्हा फिरतच होते. अमेरिकेतल्या स्वस्त धान्यामुळे शेतीचं उत्पन्न घसरलेलं, 1894 पासून वारसा कर वाढलेला, आणि पुढे महायुद्धानंतर नोकरमाणसं मिळेनाशी झाली. विसाव्या शतकात शेकडो घरं चक्क पाडली गेली. जी वाचली त्यांतल्या बऱ्याच घरांना शाळांनी आधार दिला. साहजिकच आहे: डझनावारी खोल्या, शंभर ताटांचं स्वयंपाकघर, दारातच मैदान. हे सगळं एका कुटुंबाला पेलवत नाही, पण शाळेला मात्र नेमकं हेच लागतं.

सँड्रॉइडची गोष्ट सुरू झाली 1888 मध्ये. वेलस्ली वेस्ली नावाच्या एका धर्मगुरूंनी ईटनला जाणाऱ्या मोजक्या मुलांची शिकवणी म्हणून ती काढली. पुढे लंडनजवळच्या कॉबहॅमला ती वाढली. ऑक्टोबर 1934 मध्ये मार्से शहरात युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर यांची हत्या झाली, तेव्हा त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा पीटर याच शाळेत शिकत होता. कालचा विद्यार्थी एकाएकी राजा झाला! 1939 मध्ये शाळा रशमोरला हलली. कॉबहॅमची तिची इमारत पुढे रीड्स या दुसऱ्या शाळेने घेतली.

रशमोरच्या उद्यानातच साउथ लॉज नावाची कांस्ययुगीन वस्तीची जागा आहे. जनरलनी ती 1893 मध्ये खणली होती. शाळा येऊन जवळपास चाळीस वर्षं झाल्यावर, 1970 च्या दशकाच्या शेवटी, रिचर्ड ब्रॅडली आणि जॉन बॅरेट या पुरातत्त्वज्ञांनी ती पुन्हा उकरली. गोल घरांचे खांब रोवलेले खड्डे जनरलच्या नजरेतून निसटले होते, ते त्यांना सापडले. जनरलच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणूनच त्यांनी काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, हे या दोघांना इतक्या नेमकेपणाने सांगता आलं.