टोकाची रेघ झाली की…

परसातला कोंबडा, म्हणजे ते फुलझाड, लहानपणापासून आपल्या ओळखीचा. तो लाल मखमली तुरा हा मुळात वाढीतला बिघाड आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. नर्सरीत ‘क्रिस्टेड’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या कॅक्टसमध्येही बिघाड याच जातीचा असतो.

खोडाच्या शेंड्यावर सतत विभाजित होणाऱ्या पेशींचा सूक्ष्म पुंजका असतो. वाढ तिथून होते. वुशेल नावाचं जनुक या पेशींची संख्या टिकवतं, क्लॅव्हाटा जनुकं तिला आवर घालतात. हा लगाम सुटला की पुंजका आडवा पसरतो आणि बिंदूची रेघ होते. बाजारातल्या मोठ्या, अनेक कप्प्यांच्या टोमॅटोमागेही याच यंत्रणेतला फेरफार आहे. कॅक्टसमध्ये जनुकातल्या बदलाखेरीज शेंड्याची इजा, जंतू किंवा थंडीचा तडाखाही निमित्त ठरू शकतो. ममिलेरिया इलोंगेटा एरवी बारीक दंडगोल खोडांनी वाढतं. त्याचा शेंडा रेघ झाला, की कड जागेत मावत नाही आणि वळ्यांवर वळ्या पडतात. ‘ब्रेन कॅक्टस’ म्हणतात तो हाच.

कोंबड्याचं बी पेरलं की कोंबडाच उगवतो. कॅक्टसचा तुरा मात्र बियांतून भरवशाने उतरत नाही. तो टिकतो तुकड्यातून किंवा कलमातून. कलमाला खुंट म्हणून ड्रॅगनफ्रूटची तिधारी फांदी चालते, आणि सांगली-सोलापूरकडे त्याच्या बागा झाल्यापासून ती मिळवणं अवघड नाही. खुंट आडवा कापला की मधोमध रसवाहिन्यांची गोल कडी दिसते. साध्या कॅक्टसची कडीही गोलच, तेव्हा दोन्ही कड्या एकमेकींना छेदतील अशा बसवायच्या. तुऱ्यातली कडी मात्र लांबट, चपटी असते. ती खुंटाच्या कडीवरून आरपार जायला हवी. नुसता गर गराला चिकटून भागत नाही. वरून रबरबँड. हे काम फेब्रुवारी-मार्चात उरकावं, पावसाळ्यात कापलेला भाग हमखास सडतो. तुऱ्याला पाणी वरून घालू नये. वळ्यांत ते साचतं, आणि पिठ्या ढेकणालाही लपायला तीच जागा आवडते.

माझं मन मात्र बिनकाट्यांच्या कॅक्टसवर जास्त बसतं. काटा म्हणजे रूपांतरित पान. तो खोडावरच्या छोट्या लोकरी गादीतून फुटतो. बिनकाट्यांच्या रूपात काटा जातो, गादी राहते. बोलिव्हियातल्या एकिनोप्सिस सबडेन्युडाटाच्या हिरव्या कंगोऱ्यांवर पांढऱ्या लोकरीचे ठिपके तेवढे दिसतात, आणि रात्री लांब नळीचं पांढरं फूल उमलतं. त्याचं हे रूप निसर्गातच घडलेलं. गोल्डन बॅरलचा ‘इनर्मिस’ हा प्रकार मात्र बागाईतदारांनी जपला. काटे प्राण्यांना दूर ठेवतात, शिवाय खोडावर सावलीही धरतात. म्हणून अशी कुंडी एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या गच्चीवर ठेवली तर खोडावर करपल्याचे डाग पडतात, आणि ते पुन्हा जात नाहीत. सकाळचं ऊन आणि दुपारी शेडनेट, एवढं पुरे.

तुरेवाल्यांसाठी एक सूचना. वळ्यांमधून कधीतरी एखादा सरळ, नेहमीसारखा कोंब डोकावतो. झाड सुधारलं म्हणून त्याचं कौतुक करू नका. तो तुऱ्यापेक्षा वेगाने वाढतो आणि सगळं बळ खेचून घेतो. दिसताक्षणी धारदार, स्वच्छ सुरीने तो मुळाशी कापा आणि जखम सुकेपर्यंत पाणी तोडा.