चिल्ड्रन्स पूल: मुलांचा की सीलचा?



भारतातून आई-बाबा आले की सॅन डिएगोला गेल्यावर आपण त्यांना ला होया दाखवतोच. तिथल्या 'चिल्ड्रन्स पूल' या छोट्याशा किनाऱ्यापाशी एक प्रश्न हमखास येतो: "नाव मुलांचं, मग वाळूत सील कसे काय?" याच प्रश्नावरून इथले लोक कित्येक वर्षं कोर्टात भांडले आहेत.

स्क्रिप्स हे नाव हॉस्पिटलमुळे आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचं असेल. त्या एलन ब्राउनिंग स्क्रिप्स बाईंनी मुलांना लाटांची भीती न बाळगता डुंबता यावं म्हणून स्वतःच्या पैशाने समुद्रात एक वळणदार भिंत बांधून दिली. १९३१ साली ती पूर्ण झाली. त्याच वर्षी राज्याने हा किनारा विश्वस्त म्हणून शहराकडे सोपवला आणि त्या कायद्यात मुलांच्या पोहण्याच्या तलावाचा स्पष्ट उल्लेख केला.

भिंतीने लाटा अडवल्या, पण वाळूही अडवली. तलाव भरत गेला आणि पुळण वाढली. शांत पाणी, उतरती वाळू, लाटांपासून आडोसा! मुलांसाठी जे केलं, नेमकं तेच सीलच्या आईलाही हवं असतं. १९९०च्या दशकात हार्बर सील इथे मोठ्या संख्येने येऊ लागले.

सील समुद्रात राहत असले तरी विश्रांतीसाठी, ऊब मिळवण्यासाठी आणि पिल्लांना पाजण्यासाठी त्यांना जमिनीवर यावंच लागतं. पिल्लाला जन्मतःच पोहता येतं, पण जवळजवळ महिनाभर ते आईच्या दुधावर असतं. माणूस फार जवळ गेला की सगळा कळप घाबरून पाण्याकडे धावतो. त्या गडबडीत आई दुरावली तर पिल्लाची उपासमार होते.

इकडे माणसांचीही तक्रार होती. सीलच्या विष्ठेमुळे पाण्यात जंतू वाढले आणि १९९७ मध्ये तिथे पोहणं बंद करावं लागलं. पोहणारे आणि डायव्हर म्हणू लागले, "ही देणगी मुलांसाठी होती, शहराने शब्द पाळावा." सीलप्रेमींनी १९७२च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यावर बोट ठेवलं. या कायद्याने सीलला त्रास देणं हा गुन्हा आहे.

२००५ मध्ये कोर्टाने शहराला वाळू उपसून तलाव पूर्ववत करायला सांगितलं. मात्र वाळू काढण्याआधीच २००९ मध्ये राज्याने मूळ कायदाच दुरुस्त केला. किनाऱ्याच्या मान्य उपयोगांत सागरी सस्तन प्राण्यांच्या उद्यानाची भर पडली आणि निर्णय शहरावर सोपवला गेला. २०१४ पासून पिल्लांच्या हंगामात किनारा बंद ठेवायला सुरुवात झाली. त्यालाही कोर्टात आव्हान मिळालं, पण २०१८ मध्ये अपील कोर्टाने शहराच्या बाजूने कौल दिला.

तेव्हा जाताना एवढं लक्षात ठेवा. १५ डिसेंबर ते १५ मे या काळात खाली वाळूत उतरायला बंदी असते. नाताळच्या सुट्टीत पाहुणे आले तर वरच्या फुटपाथवरूनच बघायचं, आणि दिसतंही छान. इतर महिन्यांत दोरी लावलेली असते, तिच्या पलीकडे सीलजवळ जाऊ नये. फोटोसाठी मुलांना पुढे ढकलू नका, खाऊ टाकू नका आणि आरडाओरडा टाळा. सील माना वर करून तुमच्याकडे बघू लागले, तर समजा की तुम्ही फार जवळ आला आहात.

खरं सांगायचं तर यात कुणाचीच बाजू अगदी खोटी नव्हती. मुलांना दिलेला शब्द खरा होता आणि पिल्लांची गरजही खरी. जागा एकच, म्हणून अखेर वाटणी महिन्यांची झाली. ती दोन्ही पक्षांना पुरती आवडलेली नाही, पण पिल्लं मात्र आईजवळ वाढतात. मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना ही हकीकत जरूर सांगा.