मोत्याला चिंच चालत नाही

पितळेचा तांब्या चिंचेने घासला की लखलखतो, हे आपण रोज पाहतो. त्याच भरवशावर आमच्या घरी एकदा आजीची मोत्यांची नथ रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवली गेली. सकाळी सोन्यावरचा मळ निघाला होता, पण मोती खडूसारखे पांढरेफटक पडले होते. किती पुसले तरी तेज परतले नाही. असे का झाले?

हिरा, माणिक ही जमिनीत तयार झालेली खनिजे. मोती मात्र शिंपल्यातला प्राणी थरावर थर चढवून घडवतो. त्यातला बहुतेक भाग कॅल्शियम कार्बोनेटचा. त्याच्या जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीच्या चकत्या विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधे प्रथिनाचा पातळ गिलावा. या असंख्य थरांवरून प्रकाश परत येतो, तेच मोत्याचे 'पाणी'. आम्लाची कार्बोनेटशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निघून जातो, वरचे थर झिजतात, आणि पाणी उतरते.

वर्गात यासाठी मोती नको. नदीकाठचा रिकामा शिंपला घ्या. त्याचे आतले चमकदार अस्तर याच पदार्थाचे असते. एक तुकडा लिंबाच्या रसात, दुसरा साध्या पाण्यात ठेवा. भिंगातून बुडबुडे पाहा, दुसऱ्या दिवशी दोन्हींची चमक ताडून पाहा. (फळ्याचा खडू वापरून फसू नका. तो बहुधा जिप्समचा असतो, त्यातून बुडबुडे येत नाहीत.)

मोती दंतमंजनाने किंवा राखुंडीने घासा, हा सल्ला आम्हाला मुळीच पटत नाही. मोह्‌सच्या श्रेणीत मोत्याची कठिनता सुमारे २.५ ते ४.५, तर वाळूतल्या क्वार्ट्‌झची ७. धुळीचा बारीक कणही त्यावर ओरखडा काढतो. शिवाय काही संवर्धित मोत्यांत आतल्या मण्यावरचा मोत्याचा थर १ मिलिमीटरहूनही पातळ असतो. झिजायला फारसे काही उरतच नाही!

घामही किंचित आम्लधर्मी असतो. म्हणून मोती उतरवल्यावर मऊ, ओलसर सुती कापडाने पुसावेत; फार मळले तर सौम्य साबणाच्या पाण्यात कापड पिळून घ्यावे. अत्तर आधी लावावे, मोती नंतर घालावेत. दागिना सोनाराकडे उजळायला देताना त्यात मोती आहेत हे आवर्जून सांगावे, कारण सोने उजळायला आम्ल वापरतात. तन्मणी रेशमी दोऱ्यात ओवलेला असेल तर तो भिजवू नये. ओला दोरा ताणला जातो, म्हणून चुकून भिजलाच तर टांगू नये, सपाट पसरून वाळवावा.