मामाच्या गावात झेंडा एकदा जास्त का?



आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात आणि माझ्या मामाचं गाव जालना जिल्ह्यात. मधात फक्त जिल्ह्याची हद्द आहे. तिकडं पण ज्वारी, कापूस, सोयाबीन आणि इकडं पण तेच. महालक्ष्म्यांच्या सणाला मी मामाकडे गेले होते. तेव्हा १७ सप्टेंबरला सकाळी तिथल्या शाळेत झेंडावंदन झालं. मामेभाऊ म्हणाला, "तुमच्या शाळेत नाही होत का?" मी गप्पच बसले. वॉटर्लूची लढाई १८१५ साली झाली, हे मला पाठ आहे. पण मामाच्या गावचा झेंडा मला सांगता आला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "अवं बाई, त्यायच्याकडं निजामाचं राज्य होतं, अन् आपल्याकडं इंग्रजाचं. म्हणून त्यायले स्वातंत्र्य उशिरा भेटलं."

मग मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "निजामाचं राज्य सुरू कुठून झालं, माहीत आहे का? आपल्याच जिल्ह्यातून!" मला तर खरंच वाटेना. गुरुजींनी सांगितलं ते मी खाली लिहिते.

निजाम हे माणसाचं नाव नाही. त्याचं नाव मीर कमरुद्दीन. 'निजाम-उल-मुल्क' ही त्याला मिळालेली पदवी. तिचा अर्थ राज्याची व्यवस्था लावणारा. तो दिल्लीचा बादशहा महंमदशहा याचा वजीर होता. पण दोघांचं पटेना, म्हणून तो दिल्ली सोडून दक्षिणेत आला. तेव्हा हैदराबादला मुबारीजखान नावाचा सुभेदार होता. बादशहाने आतून मुबारीजखानाला फूस दिली, की निजामाला अडव.

दोघांच्या फौजा १७२४ साली साखरखेर्ड्याजवळ भिडल्या. हे गाव आपल्या सिंदखेडराजा तालुक्यात आहे. जिजाऊंचं माहेर सिंदखेड, त्याच तालुक्यात. लढाईत मुबारीजखान मारला गेला आणि निजाम जिंकला. त्याने गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं. फतेह म्हणजे विजय. पण लोक अजून साखरखेर्डाच म्हणतात. राजाने दिलेलं नाव गेलं आणि लोकांचं राहिलं!

या लढाईत बाजीराव पेशवे निजामाच्या बाजूने होते. पण चारच वर्षांनी, १७२८ साली, त्यांनीच पालखेडला निजामाला हरवलं. राजकारणात दोस्ती अशी असते.

पुढे बादशहाला निजामाची सुभेदारी मान्य करावीच लागली. निजाम नावाला बादशहाचा नोकर राहिला, पण राज्य त्याचं स्वतःचं झालं. त्याच्यामागून त्याच्या घराण्याने हैदराबादवर राज्य केलं. आपला वऱ्हाड पण त्याच राज्यात होता. मग इंग्रजांच्या फौजेचा खर्च निजामाच्या अंगावर थकला. त्या कर्जापायी १८५३ साली त्याने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांना दिला. जालना निजामाकडेच राहिलं. म्हणजे आमचं गाव आणि मामाचं गाव कर्जामुळे वेगळं झालं.

१५ ऑगस्ट १९४७ ला आपल्याकडे तिरंगा फडकला. पण निजाम भारतात सामील व्हायला तयार नव्हता. तिथल्या लोकांनी स्वामी रामानंद तीर्थ यांच्याबरोबर मोठा लढा दिला. शेवटी भारत सरकारने फौज पाठवली आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. मामाच्या गावाला आपल्यापेक्षा तेरा महिने जास्त वाट पाहावी लागली. म्हणून तिथं झेंडा एकदा जास्त लागतो. त्याला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतात.

साखरखेर्ड्याला १७२४ साली सुरू झालेलं राज्य १९४८ साली संपलं. वजाबाकी केली तर २२४ वर्षे होतात. पुढे १९५६ साली विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला आपलं महाराष्ट्र राज्य झालं. आमचं गाव आणि मामाचं गाव परत एका राज्यात आलं.

वॉटर्लू हे बेल्जियममधलं गाव आहे. तिथं नेपोलियन हरला म्हणून साऱ्या जगाला ते माहीत आहे. साखरखेर्डा तर आपल्या घराजवळ आहे. ते आपल्याला नको का माहीत?

आता मी मामेभावाला उत्तर पाठवणार आहे. तुमचे पण मामा, मावशी, आत्या हद्दीपलीकडे असतील. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते गाव निजामात होतं का इंग्रजात.

ओळखा पाहू!
१) फतेहखेर्डा कोणत्या गावाचं नाव ठेवलं होतं?
२) बाजीरावांनी निजामाला कुठं हरवलं?
३) वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे कोणत्या साली गेला?

(उत्तरं वरच आहेत. परत वाचा!)

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी