थायलंडमध्ये डोक्याला हात नको, पाय जपून!

- प्रतिनिधी

मुंबईहून जेमतेम साडेचार तासांत बँकॉक गाठता येते. विमानतळाचे नाव 'सुवर्णभूमी', तेथे समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आणि हात जोडून होणारे स्वागत. त्यामुळे आपण परक्या देशात आलो आहोत, असे मराठी पर्यटकाला वाटतच नाही. मात्र, हे साम्यच अनेकदा फसवे ठरते.

थाई शिष्टाचाराचे सूत्र सोपे आहे. मस्तक सर्वांत पवित्र, तर पाऊल सर्वांत हीन. मस्तकात 'ख्वान' अर्थात प्राणतत्त्वाचा वास असतो, अशी तेथील पारंपरिक श्रद्धा आहे. आपल्याकडे लहान मुलाच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरविला जातो. तेथे परक्याने असे करणे हा उद्धटपणा ठरतो. पायाने वस्तू दाखविणे, समोरच्या आसनावर पाय ठेवणे किंवा बसलेल्या माणसाला ओलांडून जाणेही असभ्य मानले जाते. बुद्धमूर्तीसमोर पाय पसरून बसू नये. ते मागे दुमडून घ्यावेत.

'वाय' हा तेथील नमस्कार. तो मानाच्या उतरंडीनुसार केला जातो. वयाने वा पदाने लहान असलेल्याने तो आधी करावयाचा, आणि हात जितके उंच तितका आदर अधिक. दुकानदार अथवा हॉटेलातील सेवकाने 'वाय' केल्यास स्मितहास्य करून मान लववली तरी पुरेसे होते. भिक्खू तर परंपरेनुसार गृहस्थाच्या 'वाय'ला उलट 'वाय' करीत नाहीत. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही.

मंदिरात जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे बाहेर काढावीत आणि उंबरठ्यावर पाय देऊ नये. महिलांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, तसेच कोणतीही वस्तू थेट त्यांच्या हाती देऊ नये. भिक्खूने पसरलेल्या वस्त्रावर ती ठेवावी.

राजघराण्याचा विषय मात्र केवळ शिष्टाचाराचा नाही. थायलंडच्या दंडसंहितेतील कलम ११२ नुसार राजा, राणी किंवा युवराज यांच्या अवमानाबद्दल ३ ते १५ वर्षे कारावासाची तरतूद आहे. परदेशी पर्यटकही त्यातून सुटत नाहीत. राजाच्या प्रतिमांवर रंग फासणाऱ्या एका स्विस नागरिकाला २००७ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली होती. पुढे राजाने माफी दिल्यानंतर त्याची मायदेशी रवानगी झाली. चलनावरही राजाची प्रतिमा असते. त्यामुळे घरंगळणारे नाणे पायाने अडवू नये. सकाळी ८ आणि सायंकाळी ६ वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते, तेव्हा स्तब्ध उभे राहावे.

अनवधानाने चूक झालीच, तर आवाज चढवून वाद घालू नये. चारचौघांत संतापणे तेथे कमीपणाचे समजले जाते. हात जोडून 'खो थोत', म्हणजे 'क्षमा करा', असे म्हटल्यास बहुतेक वेळा प्रसंग हसतमुखाने निभावतो.