फोटॉन अर्धा होत नाही

केंब्रिजच्या जी. आय. टेलर या तरुणाने १९०९ साली गॅसच्या ज्योतीचा उजेड काजळी धरलेल्या काचांमधून गाळून एका सुईवर टाकला आणि फोटोग्राफिक प्लेट जवळपास तीन महिने तशीच ठेवली. इतक्या मंद उजेडातही सुईच्या सावलीचे पट्टे जसेच्या तसे उमटले. प्रकाशाच्या एकेकट्या कणाचे, म्हणजे फोटॉनचेही व्यतिकरण होते, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून पट्टे उमटवतात तसे होते, याचा पुरावा म्हणून हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

तो पुरावा नव्हता. उजेड मंद केला म्हणून फोटॉन एकेकटे होत नाहीत, आणि टेलरचे पट्टे निव्वळ लाटेनेही समजावता येतात.

खरी परीक्षा झाली १९८६ मध्ये, पॅरिसजवळच्या ओर्से इथे. फिलिप ग्रांजिए, जेरार रोजे आणि आलँ आस्पे यांनी कॅल्शियमचे अणू लेझरने उत्तेजित केले. असा अणू मूळपदावर येताना आधी ५५१ नॅनोमीटरचा हिरवा फोटॉन सोडतो आणि लगोलग ४२३ नॅनोमीटरचा जांभळा. हिरव्याने वर्दी द्यायची, की पुढचे ९ नॅनोसेकंदच जांभळ्याची नोंद घ्यायची. जांभळ्याच्या वाटेत बीमस्प्लिटर, म्हणजे निम्मा प्रकाश आरपार सोडणारी आणि निम्मा परतवणारी काच. दोन्ही वाटांच्या टोकाला एकेक डिटेक्टर.

लाट असेल तर ती काचेवर दुभंगणार आणि दोन्ही डिटेक्टर अधूनमधून एकदम वाजणार. निव्वळ योगायोगाने ते जितक्यांदा एकदम वाजतील ते प्रमाण १ धरले, तर लाटेला त्याखाली उतरताच येत नाही. ओर्सेत आकडा आला ०.१८. अगदी शून्य आला नाही, कारण तेवढ्या ९ नॅनोसेकंदांत कधीकधी दुसराच एखादा अणूही फोटॉन सोडून मोकळा होतो.

गंमत पुढेच आहे. त्याच फोटॉनांसाठी दोन्ही वाटा दुसऱ्या बीमस्प्लिटरवर पुन्हा एकत्र आणल्या. एका वाटेची लांबी किंचित बदलली, की डिटेक्टरवरची मोजणी चढू-उतरू लागली; व्यतिकरणाची स्पष्टता ९८ टक्क्यांवर! म्हणजे फोटॉन एकाच वाटेने गेला, असे म्हणायचीही सोय उरली नाही. शोधायला जावे तर मात्र तो एकाच जागी, अख्खा सापडतो.

आस्पे यांना २०२२ चे नोबेल मिळाले ते गुंतलेल्या फोटॉनांवरच्या कामासाठी, त्यामुळे हा प्रयोग काहीसा झाकोळला. पण आता तो पदवीचे विद्यार्थीही करतात. अमेरिकेतल्या व्हिटमन कॉलेजात डायोड लेझर आणि स्फटिक वापरून केलेल्या अशा प्रयोगाचा निकाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला आकडा होता ०.०१७७, ओर्सेच्या जेमतेम एक दशांश.